जिवाणू आणि विषाणू: फरक काय, आणि अँटिबायोटिक केव्हा लागते?

संध्याकाळची वेळ. एक आई सात वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात येते. दोन दिवसांपासून ताप आहे, नाक वाहते आहे, खोकला आहे. तपासून झाल्यावर डॉक्टर सांगतात, "व्हायरल आहे. तापाचं औषध द्या, पाणी भरपूर पाजा, आराम करू द्या." आईचे समाधान होत नाही. "डॉक्टर, अँटिबायोटिक नाही का देणार? मागच्या वेळी त्यानंच बरं वाटलं होतं. घरी थोडं औषध उरलंय, ते दिलं तर चालेल का?"

थोड्या वेळाने एक तरुण येतो. त्याला टायफॉइड झाला होता आणि अँटिबायोटिकचा कोर्स लिहून दिला होता. चार-पाच दिवसांत ताप उतरला, कामावर जायचे होते, म्हणून त्याने गोळ्या बंद केल्या. आता ताप परत आला आहे.

अशा दोन्ही प्रकारचे रुग्ण कुठल्याही दवाखान्यात नेहमी दिसतात. एकाला गरज नसताना अँटिबायोटिक हवी असते, दुसरा गरज असताना ती अर्ध्यावर सोडतो. यात निष्काळजीपणापेक्षा माहितीचा अभाव जास्त असतो. आजार नेमका कशामुळे होतो आणि औषध नेमके कुठे काम करते, हे आपल्याला कोणी नीट सांगितलेलेच नसते. या लेखात तेच सोप्या शब्दांत समजून घेऊया.

आधी आकार लक्षात घ्या

जिवाणू म्हणजे बॅक्टेरिया आणि विषाणू म्हणजे व्हायरस. दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत आणि दोन्हींमुळे आजार होऊ शकतात, म्हणून आपण सरसकट "जंतू" म्हणून मोकळे होतो. पण त्यांच्यात मूलभूत फरक आहे.

खसखशीचा एक दाणा साधारण १ मिलिमीटरचा असतो. तेवढ्या अंतरात साधारण ५०० ते १,००० जिवाणू एका रांगेत बसतील. फ्लूचे किंवा कोरोनाचे विषाणू मात्र तेवढ्याच जागेत सुमारे १०,००० बसतील. म्हणून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू दिसतात, पण बहुतेक विषाणू पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो.

विषाणूंचा शोधही या आकारामुळेच लागला. १८९२ साली रशियन शास्त्रज्ञ दिमित्री इव्हानोव्स्की यांनी तंबाखूच्या रोगट पानांचा रस जिवाणू अडवणाऱ्या अतिशय बारीक गाळणीतून गाळला. गाळलेल्या रसानेही निरोगी रोपांना रोग झाला. म्हणजे जिवाणूपेक्षाही लहान काहीतरी त्या रसात होते. त्यालाच पुढे व्हायरस हे नाव रूढ झाले.

जिवाणू: एकाच पेशीचा पूर्ण संसार

आपले शरीर लक्षकोटी पेशींचे बनलेले आहे. जिवाणू म्हणजे फक्त एक पेशी. पण त्या एका पेशीत जगण्यासाठी लागणारे सगळे असते. बाहेरून एक भक्कम भिंत असते, तिला पेशीभित्तिका म्हणतात. आत डीएनए असतो, म्हणजे त्याच्या जगण्याच्या सर्व सूचना. प्रथिने तयार करणारी रायबोसोम नावाची सूक्ष्म यंत्रे असतात. जिवाणू बाहेरून अन्न घेतो, त्यापासून ऊर्जा मिळवतो आणि वाढतो. पुरेसा वाढला की एकाचे दोन होतात. त्यासाठी बहुतेक जिवाणूंना दुसऱ्या कुणाच्या पेशीची गरज लागत नाही.

हा वाढीचा वेग थक्क करणारा आहे. आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू अनुकूल परिस्थितीत साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो. या हिशेबाने एकापासून ८ तासांत दीड कोटीहून अधिक जिवाणू तयार होऊ शकतात. उन्हाळ्यात रात्रभर ओट्यावर राहिलेले अन्न सकाळी का बाधते, ते यावरून कळेल. भाताच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट आहे. बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू भात शिजवल्यावरही टिकून राहतात. भात तासन् तास बाहेर राहिला की त्यांची वाढ होते आणि ते विष सोडतात. सकाळी त्याच भाताला फोडणी दिली, तरी उलट्या करणारे ते विष उष्णतेने नष्ट होत नाही. म्हणून उरलेला भात लवकर फ्रीजमध्ये ठेवावा.

पण सगळे जिवाणू शत्रू नाहीत. आपल्या शरीरात, मुख्यतः मोठ्या आतड्यात, जितक्या आपल्या स्वतःच्या पेशी आहेत साधारण तितकेच जिवाणू असतात. ते अन्नातील काही घटक पचवतात, के जीवनसत्त्व तयार करतात आणि घातक जिवाणूंना जागा मिळू देत नाहीत. दुधाला विरजण लावतो तेव्हा आपण जिवाणूच घालत असतो. इडलीचे पीठ फुगते तेही मुख्यतः त्यांच्यामुळेच. आजार करणारे जिवाणू एकूण जिवाणूंच्या मानाने फार थोडे आहेत.

ते आजार कसा करतात? मुख्यतः दोन प्रकारे. काही जिवाणू शरीराच्या ऊतींमध्ये शिरून तिथे वाढतात, सूज आणि पू निर्माण करतात. न्यूमोनिया, लघवीचा जंतुसंसर्ग, गळू ही त्याची उदाहरणे. काही जिवाणू विष तयार करतात आणि खरे नुकसान ते विष करते. कॉलऱ्यात जिवाणूच्या विषामुळे आतड्यातून पाण्याचा लोंढा सुटतो. धनुर्वातात जखमेत वाढणाऱ्या जिवाणूचे विष मज्जासंस्थेपर्यंत पोहोचते आणि स्नायू आखडतात.

विषाणू: स्वतःचे घर नसलेला पाहुणा

विषाणूला पेशी नसते. तो म्हणजे जनुकीय सूचनांचा एक छोटासा तुकडा, डीएनए किंवा आरएनए, आणि त्याभोवती प्रथिनांचे कवच. काही विषाणूंवर आणखी एक चरबीयुक्त आवरण असते. बस, एवढेच. त्याला भित्तिका नाही, रायबोसोम नाही, तो अन्न घेत नाही आणि स्वतःहून वाढतही नाही. टेबलावर पडलेला विषाणू कितीही वेळ तसाच राहिला तरी त्याचे दोन होत नाहीत.

मग तो वाढतो कसा? जिवंत पेशीत शिरून. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर काही खास रेणू असतात. विषाणूवरची प्रथिने किल्लीसारखी त्या कुलपात बसली तरच त्याला आत प्रवेश मिळतो. आत गेल्यावर तो आपल्या सूचना पेशीच्या कारखान्यात घुसवतो. मग आपलीच पेशी, आपलीच रायबोसोम आणि आपलीच ऊर्जा वापरून विषाणूच्या शेकडो-हजारो प्रती तयार होतात. त्या बाहेर पडून शेजारच्या पेशींत शिरतात. पहिली पेशी बहुतेकदा मरते.

कुलूप-किल्लीच्या या नात्यामुळे प्रत्येक विषाणूचे ठिकाण ठरलेले असते. सर्दीचा विषाणू नाका-घशाच्या अस्तरात वाढतो. कावीळ करणारे हिपॅटायटिसचे विषाणू यकृताच्या पेशींत वाढतात. रेबीजचा विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. एचआयव्ही रोगप्रतिकारशक्तीच्या ठराविक पांढऱ्या पेशींनाच लक्ष्य करतो.

काही विषाणू आजार बरा झाल्यावरही शरीर सोडत नाहीत. लहानपणी कांजण्या झाल्या की त्याचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींमध्ये वर्षानुवर्षे शांत पडून राहतो. उतारवयात किंवा प्रतिकारशक्ती कमी झाली की तोच जागा होतो आणि नागीण होते. म्हणून नागीण झालेल्या आजोबांच्या फोडांशी संपर्क आला, तर कांजण्या न झालेल्या नातवाला कांजण्या होऊ शकतात.

अँटिबायोटिक नेमके कशावर घाव घालते?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका बुरशीत जिवाणू मारणारा पदार्थ आढळला, तो पेनिसिलिन. पेनिसिलिन आणि त्याच्या कुळातील अमॉक्सिसिलिनसारखी औषधे जिवाणूला त्याची भित्तिका बांधू देत नाहीत. भित्तिका कमकुवत झाली की जिवाणू फुटतो. माणसाच्या पेशींना अशी भित्तिका नसतेच, त्यामुळे आपल्या पेशींवर तो घाव बसत नाही.

अॅझिथ्रोमायसिन आणि डॉक्सिसायक्लिन जिवाणूच्या रायबोसोमचे काम थांबवतात. जिवाणूचे रायबोसोम आपल्यापेक्षा वेगळ्या घडणीचे असते, म्हणून औषध मुख्यतः त्यालाच चिकटते. सिप्रोफ्लॉक्सॅसिन जिवाणूच्या डीएनएची नक्कल करणाऱ्या यंत्रणेत अडथळा आणते.

आता विषाणू आठवा. त्याला भित्तिका नाही, स्वतःचे रायबोसोम नाही, जिवाणूसारखी यंत्रणा नाही. अँटिबायोटिकने घाव घालायचा तरी कशावर? ती "स्ट्राँग" असो, महाग असो वा इंजेक्शनमधून दिलेली असो, सर्दीच्या किंवा डेंग्यूच्या विषाणूवर तिचा परिणाम होत नाही. घरात वीज गेली असताना प्लंबर बोलावला, तो कितीही हुशार असला तरी दिवे लागणार नाहीत. तसेच हे आहे.

मग "मागच्या वेळी त्यानेच बरे वाटले" ते कसे? साधा व्हायरल ताप बहुधा तीन ते पाच दिवसांत स्वतःहून उतरतो. अँटिबायोटिक तिसऱ्या दिवशी सुरू केली आणि चौथ्या दिवशी ताप गेला, तर श्रेय गोळीला मिळते. काम मात्र शरीराच्या प्रतिकारशक्तीने केलेले असते.

विषाणूंसाठीही औषधे आहेत. ती विशिष्ट विषाणूंपुरतीच असतात. फ्लूसाठी ओसेल्टामिविर, नागिणीसाठी असायक्लोविर दिले जाते आणि दोन्ही लवकर सुरू केल्यास जास्त उपयोगी पडतात. एचआयव्हीची औषधे नियमित घेणारी व्यक्ती दीर्घ आयुष्य जगू शकते. हिपॅटायटिस सी आता काही महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांत पूर्ण बरा होतो. पण साध्या सर्दीवर, डेंग्यूवर किंवा चिकुनगुनियावर असे खास औषध अजून वापरात नाही.

कोणता आजार कशामुळे?

• बहुधा विषाणूंमुळे: सर्दी, फ्लू, कोविड, गोवर, कांजण्या, गालगुंड, डेंग्यू, चिकुनगुनिया, हिपॅटायटिस ए आणि ई (दूषित पाण्यातून होणारी कावीळ), रेबीज, लहान मुलांचे बरेचसे जुलाब.

• जिवाणूंमुळे: टायफॉइड, क्षयरोग, कॉलरा, लेप्टोस्पायरोसिस, स्क्रब टायफस, डांग्या खोकला, घटसर्प, धनुर्वात, लघवीचा बहुतेक जंतुसंसर्ग.

• दोन्हींपैकी कशामुळेही होऊ शकतात: घसादुखी, न्यूमोनिया, कान दुखणे, जुलाब, मेंदूज्वर.

• दोन्ही नाहीत: मलेरिया हा परजीवीमुळे होतो आणि गजकर्ण बुरशीमुळे. त्यांची औषधे वेगळी आहेत.

तिसरा गट पाहिलात तर एक गोष्ट लक्षात येईल. केवळ लक्षण सांगून "जिवाणू की विषाणू" हे ठरत नाही. म्हणूनच शेजारच्यांना लागू पडलेली गोळी तुम्हाला लागू पडेलच असे नाही.

मग डॉक्टर कसे ओळखतात?

बरेचसे उत्तर तुमच्या सांगण्यातून आणि तपासणीतून मिळते. नाक वाहणे, शिंका, खोकला, आवाज बसणे आणि घसादुखी हे सगळे एकत्र असेल तर विषाणूची शक्यता जास्त. उलट खोकला-सर्दी नाही, पण ताप आहे, टॉन्सिलवर पांढरा थर आहे आणि मानेतल्या गाठी दुखऱ्या आहेत, तर स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूची शंका येते. विशेषतः शाळकरी मुलांत याकडे दुर्लक्ष करू नये, कारण उपचार न झाल्यास काही मुलांना पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. इथे अँटिबायोटिक खरोखर गरजेची असते.

दोन गैरसमज इथेच दूर करूया. पहिला, पिवळा-हिरवा कफ म्हणजे जिवाणूच, असे नाही. तो रंग मुख्यतः आपल्या पांढऱ्या पेशींमुळे येतो आणि विषाणूच्या सर्दीतही दिसतो. दुसरा, ताप १०३ असला म्हणजे जिवाणूच, असेही नाही. फ्लू आणि डेंग्यूमध्येही ताप तेवढा चढतो.

गरज असेल तर डॉक्टर तपासण्या सांगतात. सीबीसीमधून पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट यांचा अंदाज येतो. डेंग्यूसाठी पहिल्या काही दिवसांत एनएस१ चाचणी उपयोगी पडते. टायफॉइड किंवा लघवीच्या संसर्गात कल्चर केले जाते. त्यात रक्तातले किंवा लघवीतले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून कोणती अँटिबायोटिक त्यांना मारते तेही पाहतात. जिवाणू वाढायला वेळ लागतो, म्हणून रिपोर्टला दोन-तीन दिवस किंवा अधिक लागतात. कल्चरचा नमुना शक्यतो अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी घ्यावा लागतो. आधीच घरी दोन गोळ्या घेतलेल्या असतील तर जिवाणू नमुन्यात वाढत नाहीत आणि निदान हुकते. त्यामुळे घरून काही घेऊन आला असाल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. तुम्हाला कोणी रागावण्यासाठी ते विचारत नाही.

कोर्स अर्धवट का सोडायचा नाही?

आता त्या टायफॉइडच्या तरुणाकडे येऊ. टायफॉइडचा जिवाणू फक्त रक्तात फिरत नाही. तो आपल्याच संरक्षक पेशींच्या आत लपून यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेत राहतो. ताप उतरला म्हणजे जिवाणूंची संख्या घटली, सगळे संपले असे नाही. औषध मध्येच थांबले की उरलेले पुन्हा वाढतात. आणखी एक गोष्ट घरच्यांनी लक्षात ठेवावी: योग्य औषध सुरू केल्यावरही टायफॉइडचा ताप उतरायला चार ते सहा दिवस लागू शकतात. दुसऱ्या दिवशी ताप दिसला म्हणून डॉक्टर बदलण्याची घाई करू नका.

क्षयरोगात तर हे आणखी महत्त्वाचे आहे. क्षयाच्या जिवाणूभोवती मेणचट आवरण असते आणि तो अतिशय सावकाश वाढतो. त्याला दुप्पट व्हायला २० मिनिटे नव्हे, तर १५ ते २० तास लागतात. काही जिवाणू महिनोन् महिने सुस्त पडून असतात. म्हणून एकाऐवजी अनेक औषधे आणि बहुधा किमान सहा महिने उपचार लागतात. दोन महिन्यांत वजन वाढते, खोकला थांबतो आणि रुग्णाला वाटते आपण बरे झालो. धोका नेमका तिथेच असतो.

सगळ्याच अँटिबायोटिक दीर्घकाळ घ्याव्या लागतात असे मात्र नाही. लघवीच्या साध्या संसर्गाला तीन ते पाच दिवसही पुरतात. किती दिवस घ्यायची ते जिवाणू आणि अवयव यांवर ठरते. म्हणून मुदत डॉक्टरांनी ठरवावी. स्वतः कमीही करू नये आणि वाढवूही नये.

औषधाला न जुमानणारे जिवाणू

जिवाणू वेगाने वाढतात, तेव्हा डीएनएची नक्कल करताना अधूनमधून चुका होतात. एखाद्या चुकीमुळे एखादा जिवाणू औषधाला दाद देत नाही. औषध सुरू असते तेव्हा बाकीचे मरतात आणि तो एकटा उरतो. मोकळ्या जागेत त्याचीच प्रजा वाढते. एवढेच नाही, जिवाणू औषधाला तोंड देण्याचे गुण डीएनएच्या छोट्या कड्यांमधून दुसऱ्या जिवाणूंना देऊही शकतात, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूंनासुद्धा.

सर्दीसाठी घेतलेली अँटिबायोटिक विषाणूला काही करत नाही, पण तुमच्या आतड्यातील उपयोगी जिवाणूंवर मात्र तुटून पडते. त्यातून जुलाब होतात, कधी अंगावर पुरळ येते आणि औषधाला न जुमानणारे जिवाणू मागे उरतात. पुढे त्यांच्यापैकीच एखाद्याने लघवीचा किंवा रक्ताचा संसर्ग केला, तर नेहमीची औषधे चालत नाहीत. भारतात टायफॉइडवर एकेकाळी हमखास चालणारे सिप्रोफ्लॉक्सॅसिन आता बहुतेक रुग्णांत भरवशाचे राहिलेले नाही. इथे शरीराला औषधाची सवय होते असे नाही, जिवाणू बदलतो. म्हणूनच "मी कधीच अँटिबायोटिक घेत नाही" असे म्हणणाऱ्यालाही दुसऱ्याकडून असा जिवाणू लागू शकतो.

अँटिबायोटिकच्या पट्टीवर उभी लाल रेघ असते. तिचा अर्थ, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घेऊ नये. उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी ठेवू नका, आणि मोठ्याचे औषध अर्धे करून लहानाला देऊ नका.

व्हायरल आजारात घरी काय करावे?

"औषध नाही" याचा अर्थ "उपचार नाही" असा होत नाही. शरीर विषाणूशी लढत असताना त्याला आधार देणे हाच उपचार आहे.

• तापासाठी पॅरासिटामॉल, वय आणि वजनानुसार सांगितलेल्या मात्रेतच. पावसाळ्यात किंवा डेंग्यूची शंका असताना अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक स्वतःच्या मनाने घेऊ नका, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

• पाणी, ताक, पेज, वरणाचे पाणी, शहाळे थोडे थोडे पण वारंवार द्या. जुलाब असतील तर ओआरएस, पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवावे.

• बाळाचे स्तनपान चालू ठेवा. ताप आहे म्हणून जेवण बंद करू नका, पचेल ते द्या.

• सर्दी आठ-दहा दिवस आणि खोकला दोन-तीन आठवडे राहू शकतो. ताप नसेल आणि मूल खेळत-खात असेल तर घाबरू नका.

कधी कधी विषाणूने अस्तर खराब केल्यावर मागून जिवाणू शिरतात. ताप उतरून एक-दोन दिवस बरे वाटले आणि मग पुन्हा जोरात ताप, छातीत दुखणे किंवा कान ठणकणे सुरू झाले, तर परत दाखवा. पहिल्या वेळी नको असलेली अँटिबायोटिक आता लागू शकते. तेव्हा डॉक्टरांनी आधी चूक केली असे समजू नका. आजारच बदललेला असतो.

साबण आणि लस

ज्या विषाणूंवर चरबीयुक्त आवरण असते, उदाहरणार्थ कोरोना, फ्लू, रेबीज, त्यांचे आवरण साबणाने विरघळते आणि विषाणू निकामी होतो. म्हणून कुत्रा चावल्यावर हळद, चुना, मिरची काहीही न लावता जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवायची आणि लगेच लसीसाठी दवाखाना गाठायचा. रेबीजची लक्षणे सुरू झाली की तो आजार जवळपास नेहमीच जीवघेणा ठरतो, पण विषाणू मज्जातंतूंत शिरण्यापूर्वी पूर्ण लसीकरण, आणि जखमेनुसार इम्युनोग्लोब्युलिन, मिळाले तर जीव वाचतो.

हिपॅटायटिस ए आणि नोरोव्हायरससारख्या पोटाच्या विषाणूंना हे आवरण नसते, त्यांच्यावर सॅनिटायझर तितकासे लागू पडत नाही. शौचानंतर आणि जेवणापूर्वी साबण-पाण्याने हात धुणे म्हणूनच महत्त्वाचे. पिण्याचे पाणी खळखळून उकळले की आजार करणारे जिवाणू आणि विषाणू दोन्ही मरतात.

लस शरीराला जंतूची ओळख आधीच करून देते, म्हणजे खरा जंतू आला की प्रतिकारशक्ती तयार असते. लसी दोन्हींविरुद्ध आहेत. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात हे जिवाणूंचे आजार, तर गोवर, पोलिओ, रोटाव्हायरस हे विषाणूंचे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा अँटिबायोटिक अस्तित्वातच नव्हत्या. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. देवीचा विषाणू तर लसीच्या जोरावर पृथ्वीवरून हद्दपार झाला, १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने तसे जाहीर केले. देवीवर अँटिबायोटिकचा काही उपयोग झाला नसता.

ताबडतोब रुग्णालयात केव्हा जावे?

जिवाणू की विषाणू, हा विचार घरी करत बसू नका, जर खालीलपैकी काही असेल:

• तीन महिन्यांपेक्षा लहान बाळाला ताप
• धाप लागणे, श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, ओठ निळसर होणे
• सतत गुंगी, असंबद्ध बोलणे, झटका, मान ताठरणे
• सहा-आठ तास लघवी न होणे, वारंवार उलट्या, पाणीही न टिकणे
• पोटात तीव्र दुखणे, हिरड्या-नाकातून रक्त, काळी शौच, अंगावर लाल-जांभळे ठिपके
• तीन दिवसांहून जास्त टिकलेला ताप
• पुराच्या किंवा साचलेल्या पाण्यातून चालल्यानंतर काही दिवसांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे, कावीळ. हा लेप्टो असू शकतो आणि त्यात अँटिबायोटिक लवकर सुरू होणे गरजेचे असते.

डेंग्यूत एक गोष्ट विशेष लक्षात ठेवा. ताप उतरतो तेच दिवस सर्वांत धोक्याचे असतात. ताप गेला पण रुग्ण जास्तच मलूल झाला, हातपाय गार पडले, तर तो बरा होतो आहे असे समजू नका.

गरोदर स्त्रिया, वृद्ध, मधुमेही, कर्करोगाचे उपचार घेणारे आणि स्टेरॉइडवर असलेले रुग्ण यांनी साध्या तापातही डॉक्टरांना लवकर दाखवावे.

डॉक्टरांना काय विचाराल?

पुढच्या वेळी "स्ट्राँग गोळी द्या" म्हणण्याऐवजी हे चार प्रश्न विचारा:

१. हा आजार जिवाणूचा वाटतो की विषाणूचा?
२. अँटिबायोटिक दिली असेल तर ती कशासाठी आणि किती दिवस?
३. किती दिवसांत फरक पडायला हवा?
४. कोणती लक्षणे दिसली तर लगेच परत यायचे?

सात वर्षांच्या त्या मुलाच्या आईला चौथ्या प्रश्नाचे उत्तर नीट मिळाले, तर ती उरलेले औषध न देता निर्धास्तपणे घरी जाऊ शकते. आणि त्या तरुणाला दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सुरुवातीलाच मिळाले असते, तर कदाचित त्याला परत यावे लागले नसते. विचारायला संकोच करू नका. तुमच्या घरच्या माणसाच्या आजाराबद्दल जाणून घेणे हा तुमचा हक्क आहे.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या आजारासाठी प्रत्यक्ष तपासणी करून दिलेला डॉक्टरांचा सल्लाच अंतिम मानावा.)